जागेच्या दलालीचा परवाना : घरबसल्या अभ्यास, परीक्षा व कर्तव्यें

बाजारसमितीच्या आवारांत परवान्याशिवाय कोणासहि अडत करतां येत नाहीं, ही गोष्ट आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ही शिस्त आपोआप आलेली नाहीं. पूर्वीं मालाचा सौदा रुमालाखालीं बोटें धरून होत असे. दलाल व खरेदीदार यांच्यांत काय भाव ठरला, तें मालाच्या धन्यास कळत नसे. मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, आणि त्यानंतर जेथें जेथें तो लागू झाला, तेथें तेथें अडत्या, तोलारी व व्यापारी यांस परवाने घेणें भाग पडलें. पोतेंभर जोंधळा विकावयाचा तरी मध्यस्थ परवानेदार हवा, हें तत्त्व आतां आपल्या अंगवळणीं पडलें आहे.

नवल असें कीं, जें घर किंवा जी जागा मनुष्य जन्मांत एकदां घेतो, त्या व्यवहारांतील मध्यस्थास पुढें कित्येक वर्षें ना परवाना लागत असे, ना शिक्षण. ही उणीव स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ या कायद्यानें भरून काढली. लोक यास 'रेरा' म्हणतात. त्याचीं कांहीं कलमें १ मे २०१६ पासून व उरलेलीं १ मे २०१७ पासून अमलांत आलीं. आपल्या राज्यांत त्याची अंमलबजावणी 'महारेरा', म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, करतें.

हा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांत कां आणला, असें कोणी विचारील. हमरस्त्यांच्या कडेचीं व शहरांलगतचीं शेतें आज प्लॉट होऊन विकलीं जात आहेत, आणि त्या विक्रींत गिऱ्हाइकें आणून देणारा तरुण बहुधा आपल्याच गांवचा, पुष्कळदां आपल्याच घरचा असतो. दोन सौदे जमले, चार पैसे हातीं आले, कीं तो भेटपत्रें छापून 'इस्टेट एजंट' होतो. कायद्यानें आपणावर कोणता भार टाकला आहे, याची त्यास दादहि नसते. पुढें गिऱ्हाईक फसलें, तर प्लॉट पाडणारा शहरांत निघून जातो. पारावर तोंड दाखवावें लागतें तें त्या तरुणास व त्याच्या वडिलांस. म्हणून हा परवाना कशास लागतो, तो कसा मिळतो, आणि तो मिळाल्यावरहि कोणतें ज्ञान बाकी राहतें, हें या लेखांत क्रमानें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

१. परवाना कोणत्या कामास लागतो

या कायद्याच्या कलम ९ चा आशय असा कीं, नियोजन क्षेत्रांतील एखाद्या प्रकल्पांत प्रवर्तक जे प्लॉट, सदनिका किंवा इमारती विकीत असेल, त्यांच्या खरेदी-विक्रींत नोंदणीवांचून कोणासहि मध्यस्थी करतां येणार नाहीं. यांतील चार शब्द नीट समजून घेतले पाहिजेत.

'प्रवर्तक' म्हणजे विकण्याच्या हेतूनें इमारत बांधणारा किंवा जमिनीचे प्लॉट पाडणारा. लोक त्यास बिल्डर किंवा विकासक म्हणतात. परंतु एखाद्या शेतकऱ्यानें स्वतःच्या शेताचे प्लॉट पाडून ते विकण्यास काढले, तर तोहि प्रवर्तकच होय. त्यानें वर एक वीटहि चढविली नसली, तरी फरक पडत नाहीं.

'प्रकल्प' लहान असेल तर त्याची नोंदणी लागत नाहीं. जमिनीचें क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून अधिक नसेल, किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर ही सूट आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेंत ५ आर. ही मर्यादा सर्व टप्पे मिळून मोजावयाची असते. पंधरा आरांचे तीन तुकडे दाखवून सूट मागणाऱ्यांच्या नादीं लागूं नये.

'नियोजन क्षेत्र' म्हणजे केवळ शहराची हद्द, असा समज चुकीचा आहे. प्रादेशिक योजनेंत आलेलें क्षेत्रहि त्यांत मोडतें.

'मध्यस्थी' या शब्दाची व्याप्ति सर्वांत मोठी आहे. घेणारा व विकणारा यांची कोणत्याहि साधनानें गांठ घालून देणें आणि त्याबद्दल मोबदला घेणें, एवढें पुरेसें आहे. मोबदल्यास दलाली म्हणा, चहापाणी म्हणा किंवा बक्षीस म्हणा. आणि करणाऱ्यास एजंट म्हणा, दलाल म्हणा किंवा मित्र म्हणा. मोबाईलवर प्लॉटचें चित्र पाठवून गिऱ्हाईक जोडून देणारा व त्याचे पैसे घेणारा तरुण या व्याख्येबाहेर राहत नाहीं.

२. शेतजमिनीच्या सौद्याचें काय

शेतजमीन शेतजमीन म्हणूनच एकानें दुसऱ्यास विकली, तर तेथें प्रकल्प नाहीं आणि प्रवर्तकहि नाहीं. अशा सौद्यांतील मध्यस्थास ही नोंदणी लागत नाहीं. आमच्या बहुतेक वाचकांचा संबंध याच प्रकारच्या मध्यस्थांशीं येतो, म्हणून हा भेद पक्का ध्यानांत ठेवावा. महारेराचा क्रमांक दाखवून कोणी मनुष्य शेत विकून देण्यास आला, तर त्या क्रमांकावरून त्याची शेतजमिनीविषयींची जाणकारी सिद्ध होत नाहीं.

तथापि नोंदणी लागत नाहीं म्हणून अशा मध्यस्थास रान मोकळें आहे, असेंहि नाहीं. भारतीय करार कायदा, १८७२ याचें दहावें प्रकरण मुखत्यार किंवा एजंट यासंबंधींचें आहे, आणि तें प्रत्येक दलालास लागू पडतें. मालकानें मागतांच हिशेब देणें त्याचें कर्तव्य आहे (कलम २१३). मालकास न कळवितां तो माल दलालानें स्वतःच घेतला व त्यावर नफा कमावला, तर तो नफा मागण्याचा हक्क मालकास आहे (कलम २१६). निराळा करार नसेल तर काम पुरें होईपर्यंत दलाली देय होत नाहीं (कलम २१९), आणि कामांत गैरवर्तन करणाऱ्यास त्या भागाची दलालीच मिळत नाहीं (कलम २२०). एकरीं तीस लाखांस घेणारा गांठून मालकास पंचवीस लाख सांगणारे व मधले पांच लाख गिळणारे महाभाग ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस या दीडशें वर्षांपूर्वींच्या कलमांची किंमत कळेल.

३. अभ्यास व परीक्षा

प्रारंभींच्या वर्षांत एजंटाची नोंदणी केवळ अर्ज व शुल्क यांवर होत असे. महारेरानें १० जानेवारी २०२३ रोजीं आदेश काढून प्रशिक्षण व परीक्षा हीं दोन्ही सक्तीचीं केलीं. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजीं झाली. जे आधींच नोंदलेले होते त्यांस प्रथम १ सप्टेंबर २०२३ व नंतर १ जानेवारी २०२४ पर्यंत मुदत मिळाली. तरीहि ज्यांनीं प्रमाणपत्र घेतलें नाहीं, अशा सुमारें २०,००० एजंटांची नोंदणी २०२४ सालीं स्थगित करण्यांत आली. यावरून हा नियम कागदावरचा नाहीं हें उघड होतें.

क्रम असा आहे. प्रथम प्राधिकरणानें मान्य केलेल्या संस्थेंत नांव घालून २० तासांचें प्रशिक्षण पुरें करावें. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेसारख्या संस्थांकडे हें काम सोंपविलेलें आहे. प्रशिक्षण ऑनलाईन घेतां येतें, म्हणजे घरीं बसून संगणकावर किंवा मोबाईलवर पाठ ऐकतां व पाहतां येतात. तें पुरें झाल्यावर परीक्षा. ती बँकांच्या नोकरभरतीची परीक्षा घेणारी आय.बी.पी.एस. ही संस्था घेते, आणि ती देण्यास नेमलेल्या केंद्रावर जावें लागतें. उत्तीर्ण होणारास 'सक्षमता प्रमाणपत्र' मिळतें. तें हातीं आल्यावर नोंदणीचा अर्ज. परीक्षेच्या तारखा व शुल्क वेळोवेळीं बदलतात. म्हणून तीं प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच पाहावीं. 'प्रशिक्षणाची गरज नाहीं, प्रमाणपत्र आम्ही मिळवून देतों' असें सांगणाऱ्यास दारांतूनच परत पाठवावें.

अभ्यास कसा करावा, याविषयीं थोडें विस्तारानें सांगतों. पाठ नुसते ऐकून सोडून देणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. रोज एक तास याप्रमाणें वीस दिवस ठेवावे, आणि प्रत्येक तासानंतर वहींत त्या विषयाचें टिपण आपल्या शब्दांत लिहावें. जो शब्द आपणास गिऱ्हाइकास समजावून सांगतां येत नाहीं, तो आपणास समजलेला नाहीं असें मानावें. पुढील पांच गोष्टी तर मुखोद्गत असल्या पाहिजेत.

पहिली, चटई क्षेत्र. घराच्या आंतील प्रत्यक्ष वापराची जमीन म्हणजे चटई क्षेत्र. आंतल्या खोल्यांमधील भिंतींची जागा त्यांत धरतात. बाहेरच्या भिंती, नळ वगैरेंच्या पोकळ्या, स्वतंत्र बाल्कनी व स्वतंत्र गच्ची धरीत नाहींत. विक्री या क्षेत्रावर सांगावयाची. जिना व वाहनतळ मिळवून फुगविलेल्या आंकड्यावर सांगावयाची नाहीं.

दुसरी, आगाऊ रक्कम. साठेखत लेखी होऊन नोंदलें गेल्यावांचून प्रवर्तकास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं (कलम १३).

तिसरी, स्वतंत्र खातें. गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेपैकीं ७० टक्के रक्कम निराळ्या बँकखात्यांत ठेवून ती जमीन व बांधकाम यांच्याच खर्चास वापरावी लागते.

चौथी, दोषांची जबाबदारी. ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामांत दोष आढळल्यास तो प्रवर्तकानें स्वखर्चानें दुरुस्त करून द्यावयाचा असतो.

पांचवी, साठेखत व खरेदीखत यांतील भेद. साठेखतानें विकण्याचा करार होतो, मालकी जात नाहीं. १०० रुपये व त्यावरील किंमतीच्या स्थावराची विक्री मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणें नोंदलेल्या दस्तानेंच होते.

पुस्तकी अभ्यासास जोड म्हणून एक प्रयोग अवश्य करावा. आपल्या तालुक्यांतील एखादा प्रकल्प निवडावा, त्याचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर काढावा, आणि तेथें ठेवलेले कागद एकेक उघडून वाचावे. मंजूर नकाशा, जमिनीच्या मालकीविषयीं वकिलाचा अहवाल, जमिनीवरील बोजा, काम पुरें करण्याची कबूल केलेली तारीख हें सर्व तेथें सांपडतें. मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन नकाशा व काम यांचा मेळ पाहावा. असे दोन प्रकल्प ज्यानें पाहिले, त्यास परीक्षेची धास्ती वाटणार नाहीं.

४. नोंदणी

अर्ज ऑनलाईनच करावयाचा असतो. त्यासोबत छायाचित्र, पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड, मागील तीन वर्षांचीं आयकर विवरणपत्रें, आपणावर कांहीं खटले असतील तर त्यांची माहिती, आणि सक्षमता प्रमाणपत्र हीं लागतात. ज्याचें उत्पन्न करपात्र नव्हतें, त्यानें तसें प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावें. आपल्या राज्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणें एका व्यक्तीस नोंदणीचें शुल्क १०,००० रुपये आहे. भागीदारी पेढी, कंपनी वगैरेंस १,००,००० रुपये. चार मित्र मिळून पेढी काढावयाची, कीं प्रत्येकानें निराळी नोंदणी करावयाची, याचा विचार या दोन आंकड्यांवरून आधींच करावा.

नोंदणी पांच वर्षें चालते. प्रकल्पाचा क्रमांक 'पी' या अक्षरानें व एजंटाचा 'ए' या अक्षरानें सुरू होतो. कोणी दुसऱ्या प्रकारचा क्रमांक आपला म्हणून दाखवूं लागल्यास शेतकऱ्यानेंहि तो चटकन् ओळखावा. लबाडीनें मिळविलेली किंवा अटी मोडलेली नोंदणी प्राधिकरण, त्या इसमाचें म्हणणें ऐकून, रद्द करूं शकतें.

५. नोंदणीनंतरचीं कर्तव्यें

नोंदलेल्या एजंटाचीं कर्तव्यें थोडक्यांत अशीं :

(अ) जो प्रकल्प नोंदणी लागत असूनहि नोंदलेला नाहीं, त्याची विक्री करूं नये. 'नोंदणी होणारच आहे, तोंवर चिठ्ठीवर बुकिंग घ्या' असें प्रवर्तक म्हणेल; त्यास नम्रपणें नकार द्यावा.

(आ) हिशेबाच्या वह्या व कागदपत्रें नीट ठेवावीं.

(इ) खोटें अथवा भुलविणारें बोलूं नये. मंजुरी नसतां मंजुरी आहे म्हणणें, बांधकामाचा दर्जा खोटा सांगणें, जी सोय द्यावयाचीच नाहीं तिची जाहिरात करणें हीं सर्व अनुचित व्यापारप्रथेंत येतात. 'येथें पुढें विमानतळ होणार आहे' हें वाक्य आमच्या तरुणांनीं जिभेवर घेण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा.

(ई) गिऱ्हाईक बुकिंग करील त्या वेळीं त्यास ज्या माहितीचा व कागदांचा हक्क आहे, तीं सर्व त्याच्या हातीं पडतील असें करावें.

(उ) आपला नोंदणी क्रमांक प्रत्येक सौद्यांत नमूद करावा, जाहिरातींत द्यावा, आणि धंद्याच्या जागीं ठळक लावावा.

दलालीचा दर मात्र या कायद्यानें ठरवून दिलेला नाहीं. तो किती, कोणी द्यावयाचा व केव्हां द्यावयाचा, हें सौद्यापूर्वींच एका कागदावर लिहून उभयतांच्या सह्या घ्याव्या. दोन ओळींचा हा कागद पुढचीं दोन वर्षांचीं भांडणें वांचवितो.

६. एक हिशेब

नोंदणीवांचून मध्यस्थी करणें किंवा वरील कर्तव्यें मोडणें यांस कलम ६२ प्रमाणें दर दिवसास १०,००० रुपये दंड आहे, आणि त्याची मर्यादा ज्या मालमत्तेचा सौदा केला तिच्या किंमतीच्या पांच टक्के आहे.

समजा, एका सदनिकेची किंमत ४० लाख रुपये आहे व दलाली दोन टक्के ठरली. म्हणजे दलालास ८०,००० रुपये मिळतील. तो नोंदलेला नसेल, तर दंड रोज १०,००० प्रमाणें वाढत विसाव्या दिवशीं २ लाखांवर, म्हणजे पांच टक्क्यांच्या मर्यादेवर, पोंचतो. मिळकतीच्या अडीच पट दंड! उलट नोंदणीचें शुल्क १०,००० रुपये पांच वर्षांत विभागलें, तर वर्षास २,००० रुपये पडतें. हा हिशेब घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलांपुढें मांडावा.

७. अभ्यासक्रमाच्या पलीकडचें ज्ञान

वीस तासांच्या अभ्यासानें कायदा समजतो. जमीन समजण्यास गांवचें दप्तर समजावें लागतें. महसूल खात्यांतील कामाच्या ओळखीवरून आम्ही खात्रीनें सांगतों कीं, जागेचे पुष्कळसे तंटे बांधकामांतून निघत नाहींत. ते सातबाऱ्यांतून निघतात. शहरांतील एजंटास हा उतारा परका असतो, शेतकऱ्याच्या मुलानें तो लहानपणापासून पाहिलेला असतो. हेंच त्याचें खरें भांडवल होय. पण तें घासून लखलखीत केलें पाहिजे.

गांव नमुना सात वाचतांना भूधारणा प्रथम पाहावी. 'भोगवटादार वर्ग १' असल्यास विकण्यास सामान्यतः हरकत नसते. 'वर्ग २' असल्यास जमीन शासनाची परवानगी घेतल्याविना किंवा अटी पुऱ्या केल्याविना विकतां येत नाहीं. इनाम, कूळकायदा, वाटप अशा कोणत्या मार्गानें ती आली, त्यावर पुढील रीत अवलंबून असते.

मग 'इतर हक्क' हा रकाना. विविध कार्यकारी सोसायटीचें किंवा बँकेचें कर्ज, कुळाचें नांव, विहिरीचा वाटा, वहिवाटीचा रस्ता हें सर्व येथें उमटतें. येथील एकहि अक्षर न वाचतां पुढें जाऊं नये.

त्यानंतर नांवांपुढील फेरफारांचे क्रमांक घेऊन नमुना सहामधील फेरफार काढावे, आणि जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली याची साखळी जुळवावी. मधली एक कडी तुटली असेल, तर व्यवहार तेथेंच थांबवावा. 'ए.कु.मॅ.' म्हणून एकट्या भावाचें नांव लागलेलें असेल, तेव्हां कुटुंबांतील बाकीच्यांची चौकशी करावी. वडिलार्जित मिळकतींत मुलींस मुलांइतकाच हक्क २००५ च्या सुधारणेनें मिळाला, आणि वडील त्या वेळीं हयात असोत वा नसोत तो लागू आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं ठरविलें आहे. उताऱ्यावर बहिणीचें नांव नाहीं म्हणून तिचा हक्क नाहीं, असें समजणारा मध्यस्थ एका घराचा संसार मोडतो व दुसऱ्या घराचा पैसा बुडवितो. सातबारा हा महसुलाचा दाखला आहे. उलट सिद्ध होईपर्यंत तो खरा धरतात, परंतु मालकीचा अखेरचा पुरावा तो नव्हे.

आणखी तीन निर्बंध पाठ असावे. आदिवासी खातेदाराची जमीन १९६६ च्या महसूल अधिनियमाच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणें परवानगीविना बिगर-आदिवासीकडे जाऊं शकत नाहीं. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास कूळकायद्यानें सामान्यतः मनाई आहे. आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानें शेतजमिनीचे ठराविक प्रमाणाहून लहान तुकडे करून विकण्यास प्रतिबंध केला आहे. या शेवटच्या कायद्यांत अलीकडे फेरबदल झाले आहेत; म्हणून आपल्या गटास आज काय लागू आहे, तें तहसील कचेरींत किंवा तलाठ्याकडे, ज्यास हल्लीं ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, विचारूनच बोलावें. गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट स्टँपपेपरवर लिहून विकणाऱ्याच्या जीपमध्यें आपल्या मुलानें बसूं नये, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

८. या धंद्यांत कोणीं पडावें

ज्यास झटपट पैसा हवा, त्यानें हा मार्ग धरूं नये. सौदे पावसासारखे येतात. दोन महिने ओढ, मग एकदम सर. म्हणून शेती सोडून नव्हे, तर शेती सांभाळून हा धंदा करावा. ज्यास कागद वाचण्याची गोडी आहे, हिशेबाची शिस्त आहे, आणि 'ही जागा घेऊं नका' असें गिऱ्हाइकास सांगतांना दलाली बुडाल्याचें दुःख होत नाहीं, त्यानें अवश्य पडावें. कांहीं वर्षांत लोक त्याच्या दारीं सल्ल्यास येऊं लागतील. मुलींनींहि हा अभ्यास करावा. यांत बळाचें काम कांहीं नाहीं, आणि घर पाहण्यास आलेल्या कुटुंबांतील स्त्रिया त्यांच्यापाशीं मोकळेपणानें शंका विचारतात.

गांवोगांवच्या सोसायट्यांस आमची एक सूचना आहे. सोसायटीच्या कचेरींतील संगणक संध्याकाळीं रिकामा असतो. चार-पांच होतकरू तरुणांस तेथें एकत्र बसवून हे वीस तासांचे पाठ ऐकवावे, आणि आठवड्यांतून एक दिवस सेवानिवृत्त तलाठ्यास किंवा कारकुनास बोलावून सातबारा व फेरफार यांचें वाचन घ्यावें. खर्च फारसा नाहीं. आणि शेत विकण्याची वेळ आलेल्या सभासदास परक्या दलालाच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं, हा लाभ मोठा आहे.

स्वाध्यायासाठीं प्रश्न व उत्तरें

प्रश्न १. एका शेतकऱ्यानें अडीच एकर जमीन बिनशेती करून तिचे चाळीस प्लॉट पाडले. प्रकल्पाची नोंदणी अद्याप झालेली नाहीं. नोंदलेल्या एजंटास ते विकतां येतील काय?
उत्तर. नाहीं. क्षेत्र ५ आरांहून पुष्कळ अधिक असल्यानें प्रकल्पाची नोंदणी आवश्यक आहे. ती होईपर्यंत एजंटानें जाहिरात किंवा बुकिंग यांपैकीं कांहींहि करूं नये.

प्रश्न २. ३० लाखांच्या सदनिकेस साठेखत नोंदण्यापूर्वीं ५ लाख रुपये मागितले आहेत. एजंटानें काय सांगावें?
उत्तर. दहा टक्क्यांची मर्यादा ३ लाख होते. त्याहून अधिक रक्कम साठेखत नोंदल्यावरच द्यावी, असें गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावें.

प्रश्न ३. इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे. मालक म्हणतो, 'कर्ज केव्हांच फिटलें.' काय करावें?
उत्तर. सोसायटीचा कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा, बोजा कमी केल्याचा फेरफार मंजूर करून घ्यावा, व नवीन उतारा पाहूनच इसार घेऊं द्यावा.

प्रश्न ४. मालकानें दलाली ठरविली आहे. खरेदीदारहि गुपचूप दलाली देऊं करतो. घ्यावी काय?
उत्तर. गुपचूप घेऊं नये. दोन्ही बाजूंस लेखी कळवून दोघांची संमति असेल तरच घ्यावी. रुमालाखालचा सौदा धान्याच्या बाजारांतून गेला. तो जमिनीच्या बाजारांत आपण चालूं देऊं नये.